पत्र्याखाली थर्माकोल लावायचाय? जाडी नंतर, आधी वजन विचारा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका गावातून प्रश्न आलाय. घर विटांचं. पूर्वी वर मंगळुरी कौलं होती, ती उतरवून पत्रा घातला, आणि तेव्हापासून एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात बसवत नाही. गवंडी म्हणतो पत्र्याखाली थर्माकोल मारा. दुकानदार म्हणतो दोन इंची घेऊन जा. शेजारी म्हणतात त्याला आग लागते, उंदीर खातात, आणि मुळात त्याच्यावर बंदी आहे. मग करायचं काय?

शेजारी, गवंडी, दुकानदार, सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर आहे. माझं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत थर्माकोलचे ब्लॉक कापायचं काम. निम्मं काम फौंड्रीवाल्यांचं, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांचं, बाकीचं पॅकिंग आणि बांधकामाचं. तेव्हा या मालाचे लाड आणि खोड्या दोन्ही रोज बघतो. जरा सविस्तर सांगतो, कारण पत्र्याखाली एकदा बसवला की पुन्हा कुणी काढून बघत नाही.

कारखान्यात कच्चा माल येतो तो बारीक दाण्यांच्या रूपात, एक मिलिमीटरच्या आसपासचे घट्ट दाणे. प्लास्टिकचं नाव पॉलिस्टायरीन. हेच प्लास्टिक न फुगवता वापरलं की सीडीची कडक पारदर्शक पेटी होते, वाकवली की कट्कन मोडणारी. थर्माकोलच्या दाण्यात मात्र पाच-सहा टक्के पेंटेन मुरवलेलं असतं. पेंटेन म्हणजे ३६ अंशालाच उकळणारं द्रव. दाण्यांना वाफ दिली की प्लास्टिक मऊ पडतं, आतलं पेंटेन वायू होऊन ढकलतं आणि दाणा चाळीस-पन्नासपट फुगतो. हे फुगलेले दाणे जाळीदार कापडाच्या मोठमोठ्या पिशव्यांत काही तास, कधी दिवसभर, मुरत ठेवतात. तेवढ्यात आत हवा शिरते, नाहीतर ते पुन्हा बसतात. मग साच्यात भरून दुसऱ्यांदा वाफ. दाण्यांना अजून फुगायचं असतं पण जागा नसते, म्हणून ते एकमेकांवर दाबून चिकटतात आणि ब्लॉक बाहेर येतो. त्यात ९८ टक्के हवा आणि दोन टक्के प्लास्टिक. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीनं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हा माल बाजारात आणला, तेव्हापासून पद्धत मूळची तीच आहे.

उष्णता अडवते ती ही कोंडलेली हवा. प्लास्टिकचं काम तिला जागेवरून हलू न देण्याचं, बस्स. म्हणून तुम्ही पैसे मोजता ते त्या दोन टक्क्यांचे. आणि सगळी गोम तिथंच आहे, कारण दोनाचा एक टक्का केला तरी शीट दिसायला तेवढीच पांढरी आणि तेवढीच जाड दिसते.

गिऱ्हाईक दुकानात जाऊन एक इंची, दोन इंची असं मागतं. मी म्हणतो जाडी नंतर, आधी डेन्सिटी विचारा. डेन्सिटी, म्हणजे घनता, म्हणजे एक घनमीटर मालाचं किलोतलं वजन. शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो दहाच्या आसपासचा, कधी त्याहून हलका. भारतीय मानक आयएस ४६७१ मध्ये उष्णतारोधक थर्माकोलच्या घनता दिल्यात त्या १५ पासून सुरू होतात: १५, २०, २५, ३०, ३५. म्हणजे दहाचा माल घर थंड ठेवायच्या कामाचा म्हणून मानकात धरलेलाच नाही. पण गाडीत भरून गावोगाव जातो तो बराचसा तोच.

दुकानदाराच्या तोंडावर विश्वास ठेवायची गरज नाही, काटा आहे की. बाजारातली नेहमीची शीट एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. ती ५० मिलिमीटर जाड असेल तर तिचं आकारमान ०.०२५ घनमीटर. विसाचा माल असेल तर शीट ५०० ग्रॅम भरली पाहिजे, पंधराचा असेल तर ३७५, दहाचा असेल तर अडीचशेच. शेजारच्या किराणा दुकानात तराजूवर ठेवून बघा. दोन पथ्यं पाळा. जाडी पट्टीनं मोजा, कारण पन्नास म्हणून पंचेचाळीस देणारे आहेत, आणि शीट कोरडी असू द्या. पावसाळ्यात उघड्यावर पडलेल्या गठ्ठ्यातली शीट दाण्यांच्या फटीत पाणी धरून बसते आणि काट्यावर उगाच भारदस्त होते.

दुसरी परीक्षा मोडून बघायची. कोपऱ्याचा हातभर तुकडा मागा, नाहीच दिला तर विकत घ्या, आणि मोडलेल्या जागेकडे नीट बघा. वाफ नीट बसलेल्या मालात तडा दाण्यांच्या पोटातून जातो. मोडलेल्या भागावर अर्धे कापलेले दाणे आणि त्यांच्या आतली बारीक जाळी दिसते. वाफ कमी पडलेला माल बुंदीच्या लाडवासारखा फुटतो, अख्खी बुंदी अख्खीच सुटी होते, आणि बोटानं चोळलं की आणखी गळते. असा माल घनतेला बरोबर असला तरी घेऊ नका. दाण्यादाण्यांमधल्या फटीतून पाणी आत जाणार आणि कडा ढासळणार.

घनतेचा फरक ताकदीत लगेच कळतो. पंधराचा माल दहा टक्के दबायला चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या आसपास वजन लागतं, विसाच्या मालाला एक किलोच्या वर, तिसाच्या मालाला पावणेदोन किलोच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, पण चौरस मीटरचा हिशोब केला तर विसाच्या मालावर दहा टनांच्या वर भार झाला. अर्थात तेवढा भार कायमचा ठेवला तर तो हळूहळू बसत जातो. कायमच्या भाराला तिसरा-चौथा हिस्सा धरायचा. या जोरावरच नॉर्वेत १९७२ मध्ये मऊ जमिनीवरच्या रस्त्याच्या भरावात थर्माकोलचे ब्लॉक घातले, आणि आता जगभर घालतात. आपल्याकडे बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांऐवजी हा भराव घालतात तो त्याच कारणासाठी, स्लॅबवरचं ओझं कमी व्हावं म्हणून.

आता तुमचा पत्रा. एप्रिलात बेळगावचा पारा ३७-३८ वर गेला की दुपारी उन्हातला पत्रा सहज साठ अंशांवर जातो. पत्रा अर्धा मिलिमीटरचा, तो काही अडवत नाही. ती सगळी धग वरून अंगावर येते. आत ३५ अंश धरले तर उघड्या पत्र्यातून चौरस मीटरला साधारण दीडशे वॅट उष्णता खाली उतरते. विसाच्या घनतेचा एक इंच थर्माकोल लावला की ती अठ्ठावीसच्या आसपास येते. दोन इंच लावला की सोळा, चार इंच लावला की आठ. म्हणजे पहिला इंच सगळ्यात जास्त कमावतो, दुसरा बऱ्यापैकी, तिसरा-चौथा नावापुरते. म्हणून दोन इंचांवर थांबा असं मी सांगतो. विटेच्या भिंतीनं एवढंच काम करायचं म्हटलं तर ती मीटरभर जाड बांधावी लागेल.

दहाच्या मालात हाच दोन इंच कमी काम करतो. दाणे मोठे, भिंती पातळ, आतून उष्णतेला वाट मिळते. विसाच्या आणि दहाच्या मालात उष्णता अडवण्यात वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक पडतो. आणि दोन-चार वर्षांत तो बसला, कडेनं फटी पडल्या, की फरक आणखी वाढतो.

पण थर्माकोलच्या आधी दोन स्वस्त गोष्टी करून बघा असं मी तुम्हाला सांगीन, माझा धंदा असला तरी. पत्र्याला वरून ऊन परतवणारा पांढरा रंग द्या. पत्रा मुळात तापलाच कमी तर अडवायलाही कमी. आणि वरच्या अंगाला, आढ्याजवळ, गरम हवा बाहेर जायला जाळीची वाट ठेवा. कौलं होती तेव्हा घर थंड का वाटायचं? कौलाकौलांच्या सांध्यांतून हवा खेळत होती, आणि माती पत्र्याएवढ्या लवकर तापत नाही. पत्रा घातला आणि ती हवा बंद झाली. एवढं करून भागलं तर थर्माकोलचे पैसे वाचतील. नाही भागलं तर पुढं वाचा.

थर्माकोल पत्र्याला थेट चिकटवू नका. त्याला सतत ७५ ते ८० अंशांच्या वर चालत नाही. शंभराच्या आसपास ते प्लास्टिक मऊच पडतं. पत्रा गडद निळा किंवा तांबडा असेल तर त्या मर्यादेच्या फार जवळ जातो. पत्रा आणि थर्माकोल यांच्यात इंच-दोन इंच हवा राहू द्या, आणि ती हवा वळचणीकडून आत येऊन आढ्याकडून बाहेर पडेल असं बघा. शीट वाशांच्या खालच्या अंगाला चौकटीत बसवा. शीट ताजी असेल तर पहिल्या काही आठवड्यांत किंचित आखडते, म्हणून आठ-पंधरा दिवस घरात पडू द्या आणि मग कापा. दोन थर एक-एक इंचाचे घेऊन सांधे एकमेकांवर येणार नाहीत असे बसवले तर दोन इंचाच्या एका थरापेक्षा चांगलं, फटीतून धग येत नाही.

खानापूरच्या पावसाचं वेगळं सांगायला नको. थर्माकोल पाणी पीत नाही असं म्हणतात, ते दाण्यापुरतं खरं. दाण्यांच्या मधून पाणी झिरपतं, आणि एकदा आत गेलं की पत्र्याखालच्या बंद जागेत महिनोन्‌महिने सुकत नाही. ओला झाला की उष्णता अडवणंही कमी. म्हणून मृगाच्या आधी पत्र्याचे स्क्रू आणि वायसर तपासून घ्या, मगच खालून झाका. गळती बघायची ती आधी बघायची. निळ्या किंवा गुलाबी रंगाची घट्ट शीट मिळते, ती दाण्यांची नसून सलग ओढून काढलेली असते. पाण्याला ती पुष्कळ बरी, किमतीलाही पुष्कळ जास्त. गच्चीवर फरशीखाली घालायची असेल तर ती घ्या. पत्र्याखाली दाण्यांची चालते.

आगीचं शेजारी म्हणतात ते मनावर घ्या. थर्माकोल जळतो. जळताना काळाकुट्ट धूर येतो, काजळीचे धागे हवेत उडतात, आणि वितळून पेटते थेंब खाली पडतात. अंगावर किंवा अंथरुणावर पडलेला एक थेंब पुरे. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि स्टायरीनही, म्हणजे ज्यापासून पॉलिस्टायरीन बनतं ते रसायन. म्हणून घरात छताला उघडा थर्माकोल कधी ठेवायचा नाही, कितीही छान पांढरा दिसला तरी. खालून बोर्ड लागलाच पाहिजे. शहरात जिप्सम बोर्ड मारतात. तुमच्याकडच्या ओलीत तो फुगून पोट काढतो, तुम्ही सिमेंटचा फायबर बोर्ड घ्या. चूल असलेल्या खोलीत मी स्वतः लावत नाही, लावा म्हणून सांगतही नाही.

माल मागताना एसई म्हणून मागा, म्हणजे ज्योत काढली की आपोआप विझणारा. मानकात साधा आणि एसई असे दोन प्रकार आहेत. एसईचा अर्थ पेटत नाही असा नाही. ज्योत लागलेली असेल तोवर तो जळतोच, काढली की थांबतो. साध्या मालाचं ज्योत काढली तरी चालूच. उघड्या अंगणात, बादलीभर पाणी शेजारी ठेवून, सांडशीत काडेपेटीएवढा तुकडा धरून बघितला तर लगेच कळतं. पोरांना लांब ठेवा. पूर्वी आग विझावी म्हणून या मालात एचबीसीडी नावाचं रसायन घालत. २०१३ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं आणि भारतातही २०१८ च्या नियमांनी त्यावर बंदी आली. आता दुसरी रसायनं वापरतात. कुणी जुन्या गोडाऊनमधला जुना माल स्वस्तात देत असेल तर नको म्हणा.

विजेच्या वायरींचं फार कमी लोकांना माहीत असतं, इलेक्ट्रिशियनलासुद्धा. पीव्हीसीच्या वायरीचं आवरण मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट पदार्थ घातलेला असतो. वायर थर्माकोलला टेकून वर्षानुवर्षं राहिली की थर्माकोल तो पदार्थ ओढून घेतो. वायरीचं आवरण कडक होतं, तडकतं, आणि थर्माकोल तिथं चिकट होऊन खाली बसतो. आता हे पत्र्याखाली, उन्हात, जळणाऱ्या मालाला टेकून होतंय म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. वायर पाइपातूनच न्या, आणि पाइपही थर्माकोलपासून थोडा अंतरावर. शिवाय उष्णता अडवणाऱ्या थरात दाबलेली वायर स्वतःची धगही बाहेर टाकू शकत नाही.

उंदीर थर्माकोल खात नाहीत, त्यात खाण्यासारखं काही नाही. पण कुरतडतात, आत घरटं करतात, कारण आत ऊब असते. मुंग्याही तसंच, बारीक बोगदे काढून अंडी घेऊन राहतात आणि खाली पांढरा चुरा गळत राहतो. औषध मारून काही होत नाही. कडा बंद करणं हाच उपाय. भिंतीकडच्या फटी सिमेंटनं भरा, वळचणीच्या हवेच्या वाटेला बारीक तारेची जाळी मारा. बोर्ड आणि जाळी नीट बसली की त्रास राहत नाही.

चिकटवायला पांढरा फेविकॉल किंवा थर्माकोलसाठीचा म्हणून मिळणारा पाण्यातला गोंद. चप्पल-रबराला लावतात तसलं पिवळं सोल्युशन, थिनर, ऑइलपेंट, स्प्रेचा डबा, यांतलं काही लावलं की थर्माकोल डोळ्यांदेखत खड्डा पडून विरघळतो. पेट्रोल, ॲसिटोन, टोल्युइन यांचं पॉलिस्टायरीनशी तसंच. रंग द्यायचाच तर पाण्यात कालवायचा डिस्टेंपर किंवा ॲक्रिलिक. गंमत म्हणून संत्र्याची साल थर्माकोलच्या तुकड्यावर पिळून बघा. सालीच्या तेलातल्या लिमोनीननंसुद्धा बारीक खड्डे पडतात. घासून काढायचा गंज-तेलाचा डाग पडला तर टर्पेंटाइननं पुसायला जाऊ नका, शीट जाईल. उद्यमबागेतले काही जण मशीन केलेले पार्ट गंजरोधक तेल लावून थेट थर्माकोलच्या खाचेत बसवतात आणि महिन्याभरानं पेटी उघडली की पार्ट थर्माकोलमध्ये रुतलेला असतो. आधी पॉलिथिनची पिशवी, मग थर्माकोल. पॉलिथिनला त्या तेलाचं काही होत नाही.

बंदीचं असं आहे. कर्नाटकानं ११ मार्च २०१६ ला प्लास्टिकबंदी आणली, त्यात ताटं, कप, चमचे होते आणि थर्माकोलचे असलेही होते. पलीकडं महाराष्ट्राची बंदी २३ मार्च २०१८ ची. आणि केंद्राच्या नियमांनी १ जुलै २०२२ पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद झाला. म्हणजे निपाणीतून कागलला गेला काय आणि उलटा आला काय, गणपतीचा थर्माकोलचा मखर दोन्हीकडं चालत नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांना किल्ले-बुरूज कोरून देणाऱ्या कारागिरांचं काम त्यानं बरंच गेलं. हात चांगले होते, आता पुठ्ठ्यावर आणि बांबूवर वळलेत. माझ्या मते बंदी रास्त आहे. दहा दिवस मिरवायचा आणि मग मार्कंडेय नदीत नाहीतर तळ्यात टाकायचा, हे काही बरं नव्हतं. तो कुजत नाही, नुसता दाणे-दाणे होऊन पसरतो. घराच्या उष्णतारोधक शीटवर आणि टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगवर मात्र ही बंदी नाही. म्हणून तुम्हाला माल उघड दुकानात मिळतो.

ताटांबद्दल एकच सांगतो. गरम आमटी, तेलाचा कट आलेला रस्सा, यांनी पॉलिस्टायरीनमधलं राहिलेलं स्टायरीन थोडं थोडं अन्नात उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१८ मध्ये स्टायरीन माणसाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात नेलं. सुपारीच्या पानांची ताटं आपल्याकडं हवी तेवढी मिळतात, प्रश्न मिटला. छतात, बोर्डाच्या मागं बसलेल्या शीटचा तसला त्रास नाही. ती तापून वितळेपर्यंत गेली नाही म्हणजे झालं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बेळगावात थर्माकोलचा सगळ्यात हुशार उपयोग फौंड्रीत होतो, आणि तो बाहेर फारसा कुणाला माहीत नाही. मशीनचा मोठा बेड किंवा खोका एकच नग ओतायचा असेल तर त्यासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत आकार उठवायचा नमुना, करणं परवडत नाही. मग ड्रॉइंगवरून थर्माकोल कापून, चिकटवून, अख्ख्या कास्टिंगच्या आकाराचा पॅटर्न करतो. त्यावर उष्णता सहन करणारा लेप चढवून वाळवतात, वाळूत पुरतात, आणि तो न काढता वरून लोखंड ओततात. तेराशे-चौदाशे अंशांचा रस पुढं येईल तसा थर्माकोल जळून-वायू होऊन लेपातून वाळूत निघून जातो आणि त्याची जागा लोखंड घेतं. ही कल्पना अमेरिकेत १९५८ मध्ये पेटंट झाली. एका पॅटर्नचं एकच कास्टिंग, हा त्याचा तोटा. पण मोल्ड उघडून पॅटर्न उचलायचा नसल्यानं आतल्या अडचणीच्या खाचाही येतात.

इथंही डेन्सिटीच सगळं ठरवते. भारी माल घेतला तर जळायला जास्त, काजळी लोखंडात अडकून सुरकुत्या पडतात. फार हलका घेतला तर लेप देताना नि वाळू ठोकताना पॅटर्न दबतो. सोळा ते वीसच्या मधला माल चालतो. आणि एक हिशोब आम्ही नेहमी करतो. अठराच्या मालापेक्षा लोखंड चारशेपट जड, कारण लोखंडाची घनता ७,२०० किलो. म्हणजे पॅटर्न काट्यावर दोन किलो भरला तर कास्टिंग आठशे किलोंचं येणार, रस आत न्यायच्या वाटा आणि वरचा जादा रस, म्हणजे गेटिंग-रायझर, यांचं वेगळं. भट्टीत किती वितळवायचं ते यावरून कळतं. डेन्सिटी खोटी सांगितलेली असेल तर इथं लगेच उघडं पडतं, रस कमी पडतो. त्यामुळं फौंड्रीवाला दुकानदाराच्या शब्दावर कधी राहत नाही, स्वतः वजन करतो. घर बांधणाऱ्यानंही तेच शिकावं असं मला वाटतं.

माशांच्या पेट्याही तशाच. गोव्याकडून चोर्ला घाटानं किंवा कारवारकडून मासळी येते ती थर्माकोलच्या पेटीत बर्फात. इंचभर जाड भिंतीच्या, चौरस मीटरभर पृष्ठभाग असलेल्या पेटीत, बाहेर तीस अंश धरले तर भिंतीतून येणाऱ्या धगीनं तासाला साधारण अर्धा किलो बर्फ वितळतो. झाकण नीट बसत नसेल तर त्याच्या दुप्पटही. म्हणून मासे विकत घेताना झाकणाची कड बघा, पेटीवरचं नाव नंतर. रिकाम्या झालेल्या चांगल्या पेट्या लोक अंडी उबवायला नेतात. ते जमतं, ३७.५ अंश आतच राहतात. पण बल्ब भिंतीला किंवा झाकणाला टेकला तर पेटी वितळते आणि पेटतेही. बल्बला तारेची जाळी घाला आणि मधोमध टांगा.

घरी कापायचं म्हटलं तर धारदार नवं ब्लेड, एका दमात लांब ओढायचं. करवतीनं कापलं की दाणे सुटतात आणि स्थिर विजेनं अंगाला, भिंतीला, मांजराला चिकटत बसतात. ओल्या फडक्यानं पुसले की येतात. आमच्याकडं नायक्रोमची तार कमी व्होल्टेजवर तापवून कापतो. तार लाल करायची नसते. धूर आणि उग्र वास आला म्हणजे तार जास्त तापलीय, बरोबर तापली असेल तर कापलेली कड गुळगुळीत येते आणि केसासारखे एक-दोन धागे निघतात, एवढंच. घरी तारेच्या नादाला लागू नका, निदान बंद खोलीत तरी नको.

आणि उरलेले तुकडे शेकोटीत टाकू नका, थंडीत पोरं हमखास टाकतात. भंगारवाला थर्माकोल घेत नाही, त्याचंही चुकत नाही: घनमीटरभर गाडी भरली तरी माल पंधरा-वीस किलो, बाकी हवा. कोरडे, स्वच्छ, टेप आणि रंग न लागलेले तुकडे पोत्यात भरून ब्लॉक बनवणाऱ्या किंवा कापणाऱ्याकडं द्या. ते दळून नव्या दाण्यांत थोडे मिसळतात, नाहीतर हलक्या काँक्रीटच्या भरावात घालतात. पैसे मिळणार नाहीत. तुमच्या घराचा माल उद्यमबागेतून नेला असेल तर परतीच्या गाडीत पोतं टाका, आम्ही ठेवून घेतो.